मान धरण्याची मुदत

"सर, पडला काय?"

दारात गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा होता. मी हॉलच्या मध्यभागी गोधडीवर पालथा होतो. हनुवटी जमिनीला टेकलेली, हातात पिवळं रबरी बदक. माझ्यापासून वीतभर अंतरावर माझी पावणेचार महिन्यांची मुलगी गार्गी तशीच पालथी होती आणि नाक गोधडीत खुपसून बेंबीच्या देठापासून रडत होती.

"पडलो नाही," मी म्हणालो. "हिला दाखवतोय, कसं पडायचं ते."

"असू दे, असू दे," तो म्हणाला. सिलिंडर आत ठेवून जाताना त्याने एकदा दयेने बघितलं. गार्गीकडे नव्हे, माझ्याकडे.

मी गार्गीला उचलून उताणी केली. ती ताबडतोब गप्प झाली. मी वहीत लिहिलं : 'सकाळ, दुसरी खेप. न रडता तीन सेकंद.'

ही सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा कराडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. बायको शैला बँकेत होती आणि तिची बाळंतपणाची रजा नुकतीच संपली होती. मला सुट्टी असल्यामुळे पोरगी माझ्याकडे होती. जूननंतरचंही आम्ही ठरवून ठेवलं होतं. माझं कॉलेज सकाळचं, तिची बँक साडेदहाची, मधल्या अर्ध्या तासाला कुणीतरी बाई बघायची. कागदावर हे सगळं फार सुंदर दिसत होतं. मी ते कागदावरच मांडलं होतं, रकाने आखून.

मग आम्ही गार्गीला लस द्यायला घेऊन गेलो आणि डॉक्टर पटवेकरबाईंनी तिचे दोन्ही हात धरून तिला अलगद वर ओढलं. अंग वर आलं, डोकं मागेच राहिलं.

"मान धरत नाही अजून," बाई म्हणाल्या. "दिवसभर पाठीवरच असते ना? डोकं बघा मागून, पोळपाट झालाय."

"पण पाठीवर झोपवायचं असतं ना?" मी वाचून गेलो होतो.

"झोपवताना पाठीवरच. जागी असताना पोटावर घाला. दूध पाजल्या पाजल्या नको. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं, आणि समोरून हलायचं नाही. पंधरा दिवसांनी आणा. तोवर नाही जमलं तर पुण्याला दाखवून घेऊ."

'पुण्याला दाखवून घेऊ' हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. त्यामुळेच ते भयंकर वाटलं. रिक्षात घरी पोचेपर्यंत शैलाने गार्गीच्या मानेखाली तळहात धरून ठेवला होता. गार्गी तेव्हा तिच्या मांडीवर आडवी होती, मानेला काही काम नव्हतं.

घरी सासूबाई होत्या. आम्ही त्यांना माई म्हणायचो. बाळंतपणासाठी त्या बेळगावहून आल्या होत्या आणि एव्हाना आमच्या घरातला एकही डबा आम्हाला सापडेल अशा जागी उरला नव्हता.

"मी नेते हिला बेळगावला," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांची करून आणून सोडते. तिथं मी आहे, शैलाच्या दोन काकू आहेत. पोर जमिनीला म्हणून लागायची नाही."

"माई, जमिनीलाच लावायची आहे. डॉक्टरांनी पालथं घालायला सांगितलंय."

"पालथं घालतात होय कुणाला? पालथं आपण होऊन पडायचं असतं. आमच्यात पालथं पडल्याशिवाय पालथं घालत नाहीत."

"मग ते पडणार कसं?"

"पडतात. शैला पडली. तुम्हीसुद्धा पडला असाल."

शेवटी शैलानेच तह केला. पंधरा दिवस. गार्गीने मान धरली तर ती कराडला राहील. नाही धरली तर पुण्याला दाखवायचं आणि पुढे बेळगाव. हे सांगताना ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एकच लंगोट तिने तीन वेळा घडी केला आणि तीनदा मोडला.

"अहो," रात्री ती म्हणाली, "दोन वर्षांनी ती मला मावशी म्हणेल."

दुसऱ्या दिवशी मी वही सुरू केली.

पहिले आठ दिवस कसे गेले ते त्या वहीत आहे. मी खुळखुळा वाजवला. आरसा दाखवला. घासलेल्या स्टीलच्या परातीत तिचंच तोंड तिला दाखवलं, ते बघून ती जास्त रडली. डॉक्टरांनी समोर राहा म्हटलं होतं म्हणून मी स्वतः पालथा पडू लागलो. माझं पोट तेव्हाही नाव घेण्यासारखं होतं, त्यामुळे पालथा पडलो की माझी छाती आणि गुडघे दोन्ही अधांतरी राहत आणि मी किनाऱ्याला बांधलेल्या नावेसारखा मंद डुलत असे. गार्गीला ते बघायला मान वर करावी लागली असती, म्हणून तिने ते कधीच बघितलं नाही.

पाचव्या दिवशी मी बँकेत फोन केला.

"शैला, चार!"

"चार काय?"

"सेकंद."

पलीकडे काउंटरवर कुणीतरी खातं कसं उघडायचं ते विचारत होतं. "मी नंतर बोलते," शैला म्हणाली, पण फोन लगेच ठेवला नाही.

सहाव्या दिवशी खेळणी संपली म्हणून मी तिच्यासमोर पालथा पडून संघराज्याच्या वैशिष्ट्यांवरचं व्याख्यान सुरू केलं. ती चक्क रडायची थांबली. मी हर्षाने तिसऱ्या वैशिष्ट्यावर आलो तेव्हा लक्षात आलं की ती झोपली आहे. झोपेत पालथं नको म्हणून तिला उताणी करून पाळण्यात ठेवलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत ते व्याख्यान तिसऱ्या वैशिष्ट्यापलीकडे कुणीच ऐकलेलं नाही, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही.

आठव्या दिवशी माई पाटावर बसून मेथी निवडत होत्या. मी जमिनीवर डुलत होतो. गार्गी रडत होती.

"हौसा होती तोवर पोर बरी होती," माई म्हणाल्या.

हौसाबाई म्हणजे आमच्याकडे बाळाला न्हाऊमाखू घालायला येणारी बाई. गार्गी दोन महिन्यांची झाली तेव्हा मी हौसाबाईला बंद केलं होतं. तिच्या पद्धती अशास्त्रीय आहेत, असं मी घरात जाहीर केलं होतं.

"माई, मालिशचा आणि मानेचा संबंध नाही."

"नसेल. पण तिच्या पायांवर तासतासभर निवांत पडायची."

"उताणी पडायला काय, अजूनही पडते."

"उताणी कशी? पाठ चोळायची तर पालथीच घालणार की! अर्धा वेळ पालथीच असायची."

मी उठून बसलो. हे मी दोन टप्प्यांत करायचो, त्या दिवशी एकाच टप्प्यात झालं.

"पालथी? तुम्ही तर म्हणाला होता, तुमच्यात पालथं घालत नाहीत!"

"ते घालणं वेगळं, हे न्हाऊ घालणं," माई म्हणाल्या. "आणि तुम्ही कधी विचारलंत?"

विचारण्याचा प्रश्नच नव्हता. बाळाची अंघोळ पुरुषांनी बघायची नाही, दृष्ट लागते, हा माईंचाच नियम होता आणि दोन महिने मोरीचं दार माझ्या तोंडावर बंद व्हायचं. म्हणजे त्या दाराआड माझी मुलगी दोन महिने रोज पालथी पडत होती, एका बाईच्या नडग्यांवर, तेल लावून, न रडता. आणि बाहेर हॉलमध्ये मी बालसंगोपनाचं पुस्तक वाचत होतो.

तसाच सायकल काढून सोमवार पेठेत गेलो. हौसाबाई दारात चिंचा फोडत बसली होती. पन्नाशीची, काटक. मला बघून ती उठली नाही.

"या मास्तर. काय काम काढलं?"

मी सगळं सांगितलं. पटवेकरबाई, पुणे, पंधरा दिवस, उरलेले सात. ती चिंचोके काढत ऐकत होती.

"तुम्ही आलात तर बरं होईल," मी म्हणालो.

"मला काढली कशापायी?"

"ते म्हणजे, काही गोष्टी शास्त्राला धरून नव्हत्या. तुम्ही कानात फुंकर मारायचा. ते योग्य नाही. कानात जंतू जातात."

"मग फुंकर मारू नगं म्हनायचं. बाई कशाला काढाय पायजे?"

"शिवाय नाक ओढायचा."

"मग नाक वढू नगं म्हनायचं."

तिने एक चिंच फोडली, दुसरी फोडली. तिसरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"मास्तर, खरं काय ते सांगा. मग येते."

समोरच्या घरातली बाईही दळण निवडायची थांबून ऐकायला लागली होती. मी आवाज खाली आणला.

"बारसं उशिरा झालं, दोन महिने होताना. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गार्गीला न्हाऊ घालून बाहेर आणलंत. हॉलमध्ये माझा भाऊ होता, वहिनी होती, शैलाचे मामा होते. तुम्ही म्हणालात, 'नाक बापाचं घेतलंय, रोज वढाय लागनार.' सगळे हसले. मामा तर अजून हसतात."

"आन त्येच्यापायी काढली?"

"हो."

"आन शास्त्र?"

"ते मग शोधलं."

हौसाबाईने माझ्या नाकाकडे शांतपणे, धंद्याच्या नजरेने बघितलं. समोरच्या बाईनेही मान तिरकी करून बघून घेतलं.

"पुढेही ओढलं असतं तर सरळ झालं असतं का तिचं?" मी विचारलं. आता लाज संपलीच होती.

"छ्या! वढून कुटं नाक सरळ हुतंय? आईबापास्नी बरं वाटतं म्हून वढायचं." ती उठली, पदराला हात पुसले. "चला. पर मी उद्या इट्याला निगालीय. लेकीचं बाळंतपन हाय, म्हयनाभर यायची न्हाई. आजच्या दिसात काय ते शिकून घ्या."

"शैला बँकेत आहे. माईंचे गुडघे दुखतात."

"मग ऱ्हायलं कोन?" असं म्हणून ती चालायलाच लागली.

मोरीच्या दारात माई आडव्या आल्या.

"हौसा, अगं पुरुषमाणूस! दृष्ट लागेल पोरीला."

"बाप हाय तो माई. बघ्या न्हाई."

मला लेंगा मांड्यांपर्यंत वर खोचून पाटावर बसवण्यात आलं. पाय समोर लांब करायचे, जवळजवळ ठेवायचे, बाळ नडग्यांच्या मधल्या खाचेत घालायचं, एवढंच होतं. पण माझे पाय सरळ होईनात. अंगाशी काटकोनात पाय पसरून मी पाचवीनंतर कधी बसलो नव्हतो. गुडघे आपोआप वर येत. हौसाबाईने दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून वजन टाकलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून पाळण्यातली गार्गी रडायची थांबली.

"केस लई हायती पायावर," हौसाबाई म्हणाली. "बरं हाय. पोर घसरनार न्हाई."

मग तिने गार्गीच्या अंगाला तेल लावलं, आधी उताणी ठेवून हातपाय चोळले, आणि एका हाताने छातीला आधार देत, पुरी उलटावी इतक्या सहज तिला माझ्या नडग्यांवर पालथी केली. तोंड माझ्या पावलांच्या बाजूला.

मी सवयीने मोजायला लागलो. एक. दोन. तीन.

चार.

"अंग सैल सोडा की मास्तर! तुमी असं ताठला तर तिला वाटतंय कायतरी आक्रीतच हाय."

मी सैल सोडलं. पाच, सहा. हौसाबाईने माझा हात धरून गार्गीच्या पाठीवर ठेवला आणि खालून वर फिरवायला लावला. ती पाठ माझ्या तळव्याएवढी होती. मी तिला पावणेचार महिने बघत होतो, पण तिचा कणा एवढे लहान मणी ओवल्यासारखा आहे हे मला तेव्हा कळलं. कोमट पाण्याचा पहिला तांब्या पडला तेव्हा ती 'हं' असं म्हणाली. एखाद्या म्हाताऱ्याने आरामखुर्चीत बसताना म्हणावं तसं.

मोजणं कुठे सुटलं ते आठवत नाही. त्या दिवशीच्या वहीत आकडा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज न्हाऊ घातलं आणि शिवाय दिवसातून चार वेळा कोरड्याने, हॉलमध्ये भिंतीला टेकून, पाय पसरून, तिला नडग्यांवर घेऊन बसू लागलो. दहाव्या दिवशी तिने गाल बदलला. अकराव्या दिवशी डोकं थरथरत दोन बोटं वर आलं आणि माझ्या घोट्यावर आपटलं. बाराव्या दिवशी माई समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बघू."

बघण्यासारखं काही घडलं नाही. गार्गी माझ्या पायावर लाळ गाळत शांत पडून होती.

"जावईबापू," माई हळू आवाजात म्हणाल्या, "एवढं पोरीला ठेवायचंच होतं, तर बेळगावच्या गाडीची तिकिटं आणून का दिलीत मला?"

हे खरं होतं. डॉक्टरांकडून आलो त्याच संध्याकाळी मी भाजी आणतो म्हणून बाहेर पडलो होतो आणि स्टँडवर जाऊन सोळाव्या दिवसाची दोन रिझर्व्हेशनं करून आलो होतो. एक माईंना, एक शेजारची, बाळाचं सामान ठेवायला. शैलाला मी सांगितलं होतं की माईच हट्ट धरून बसल्या आहेत. पुण्याला काय निघेल ते निघो, ते मला रोज डोळ्यांसमोर नको होतं.

"शैलाला सांगितलंत?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? आईच्या हट्टावर चिडते आहे, ते बरं आहे. नवऱ्यावर चिडली तर तुमच्याच घरात राहायचंय तिला." माईंनी गार्गीच्या तोंडाची लाळ पुसली. "पाय हलवू नका. झोप येतेय तिला."

पंधराव्या दिवशी आम्ही चौघं पटवेकरबाईंच्या दवाखान्यात गेलो. बाईंनी गार्गीला तपासायच्या टेबलावर, थंडगार रेक्झिनवर पालथी घातली.

तिसऱ्या सेकंदाला तिने नाक खाली घातलं आणि भोकाड पसरलं.

"हं," बाई म्हणाल्या आणि पेन उचललं.

"घरी करते ती," शैला म्हणाली.

"घरी सगळेच करतात हो."

शैला माझ्याकडे बघत नव्हती. ती टेबलाची कड धरून उभी होती. बाईंनी कागदावर वरती पुण्याच्या कुणा डॉक्टरांचं नाव लिहायला सुरुवात केली.

मी चपला काढल्या. पँट गुडघ्यांच्या वर दुमडायला लागलो.

"हे काय करताय?" बाई म्हणाल्या.

"एक मिनिट," मी म्हणालो आणि जमिनीवर बसलो. भिंतीला पाठ लावली, पाय लांब केले. गुडघे वर आले, ते मी स्वतःच्या हातांनी खाली दाबले. पडदा अर्धवट उघडा होता. बाहेरच्या बाकावर सहा-सात आया आणि माझा एक माजी विद्यार्थी पोराला घेऊन बसला होता. त्याने शिष्टाचार म्हणून उभं राहून नमस्कार केला. मी बसूनच घेतला.

"शैला, दे तिला."

गार्गी नडग्यांवर पालथी झाली. हुंदके आले, दोन, मग एक लहानसा. मग गप्प. मी पाठीवरून हात फिरवत होतो. तेल नव्हतं, पाणी नव्हतं, पण पाय तेच होते.

काही झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. बाहेर कुणाचं तरी पोर खोकलं.

मग ते पोळपाटासारखं डोकं हललं. थरथरत वर आलं. हनुवटी माझ्या नडगीवरून सुटली, कोपरं टेकली, आणि गार्गीने समोर बघितलं. समोर पटवेकरबाईंच्या सँडल होत्या. त्या तिला आवडल्या असाव्यात. ती तशीच बघत राहिली. बाईंनी पेन ठेवलं, साडी सावरत त्या जमिनीवर उकिडव्या बसल्या आणि टेबलावरच्या किल्ल्या घेऊन डावीकडे वाजवल्या. डोकं डावीकडे गेलं. उजवीकडे वाजवल्या. डोकं उजवीकडे आलं आणि तिथे शैला दिसल्यावर तिथेच थांबलं.

"किती वेळ धरते अशी?"

"मोजलेलं नाही," मी म्हणालो.

बाईंनी कागद घेतला, चुरगळला आणि टोपलीत टाकला. "पुण्याचं राहू दे. हेच चालू ठेवा. हळूहळू जमिनीवरही घाला, सवय होईल. आणि तुम्ही उठा आता, बाहेर पेशंट आहेत."

मला उठता येत नव्हतं. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. एका बाजूने डॉक्टर आणि एका बाजूने सासूबाई अशा दोघींनी मला ओढून उभं केलं. शैला मदतीला आली नाही. ती गार्गीला छातीशी धरून खिडकीकडे तोंड करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि गार्गी माईंना सोडायला स्टँडवर गेलो. शैला बँकेत होती. माई खिडकीपाशी बसल्या, शेजारची जागा मोकळी. कंडक्टर आला.

"मावशी, दोन सीटा हायत तुमच्या. दुसरं माणूस कुटाय?"

"यायचं होतं," माई म्हणाल्या. "राहिलं. बसवा कुणालाही."

एक धिप्पाड गृहस्थ आंब्यांची करंडी मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले, माई खिडकीला चिकटल्या. गाडी सुरू झाली तशी त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"जावईबापू! पाणी कोपरानं बघा हां! हातानं नका बघू, हाताला कळत नाही!"

"कोपरानं!" मी ओरडलो.

"आणि कानात पाणी!"

पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. गार्गी माझ्या खांद्यावर होती, मान उचलून, आजीचा आवाज कुठून येतो ते शोधत. मी पाठ फिरवून उभा राहिलो. त्यामुळे गाडी स्टँडच्या फाटकातून कधी वळली ते मी बघितलं नाही. गार्गीला खांद्यावरून गाडी दिसायची तर तिचं तोंड तिकडे हवं होतं.